लिगामेंटचं ऑपरेशन झालं तरी गुडघा दुखतोच, तुमचे अनुभव सांगा

पोवईनाका: आज सकाळी यवतेश्वर घाटात हिल मॅरेथॉनची प्रॅक्टिस करणारी पोरं बघितली आणि माझा डावा गुडघा तिथंच ठणकायला लागला राव. कबड्डीत एसीएल म्हणजे गुडघ्याच्या आतलं लिगामेंट तुटलेलं, त्याजागी हॅमस्ट्रिंगची (मांडीच्या मागच्या स्नायूच्या दोरीची) ग्राफ्ट टाकली, वर्ष उलटून गेलं. डॉक्टर म्हणतात ग्राफ्ट एकदम ओके. मग जिना उतरताना वाटीखाली टोचतंय ते काय? मांडी घालून जेवायला बसलो की उठताना भिंत धरावी लागते. घरचे म्हणतात तुझ्या मनातच आहे सगळं. कुणाचं असं झालंय का, लिहा की.

कृष्णाकाठची: सेम!! माझं स्कूटीवरून, आयर्विन पुलाच्या अलीकडं. नडगीवर बधिर आहे का तुम्हाला पण? मला तिथं मुंगी चढली तरी कळत नाही. फिजिओ म्हणाले ग्राफ्ट काढताना चामडीची बारीक नस दुखावते, बऱ्याच जणांना होतं. कुकर झाला, येते परत

मिरजेचा_बंड्या: पाय पूर्ण सरळ होतोय का ते सांग आधी. पलंगावर पालथा झोप, गुडघ्यापासून खाली पाय कडेबाहेर सोड आणि कुणाला तरी टाचा बघायला सांग. एक वर राहिली तर दाखवून घे. माझी राहायची. शेक, तेल, हळदीचा लेप सगळं झालं, तालमीतल्या वस्तादांनी मालिश केली तेव्हा तर आई आठवली. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांना दिसलं, ग्राफ्टच्या पुढं गाठ धरलेली, सायक्लॉप्स म्हणतात तिला, ती मधे अडकायची. दुर्बिणीनं काढली मग सुटलो

सुमनकाकू: माझं लिगामेंट नाही बाळांनो, झीज आहे. पण आमचे हे माझा गुडघा बघून पाऊस सांगतात आणि तो येतो हो!

मिरजेचा_बंड्या: काकू सांगलीचा पूर पण सांगत जावा

पोवईनाका: बंड्या, बायकोनं बघितलं. बोटभर वर आहे.

फिजिओवाली_वाई: लगेच गाठ म्हणून घाबरू नका, नुसता आखडलेला पण असतो. मांडीचा घेर टेपनं मोजा, वाटीच्या वर वीतभर, दोन्हीकडं. ऑपरेशनवाली बारीकच निघते बहुतेकांची. पुढचा स्नायू कमी पडला की उतरताना सगळा भार वाटीवर येतो, दुखणारच. लोक चालायला लागले की व्यायाम सोडतात आणि मग आमच्याकडं येतात भांडायला. टाच मात्र सर्जनना दाखवाच.

उसाचा_फड: भावाचं मागच्या आठवड्यात झालंय, पोटरी सुजून गरम लागतीय, दाबली की ओरडतोय. नॉर्मल हाय का

कृष्णाकाठची: अहो इथं काय विचारताय, आत्ता डॉक्टरांना फोन लावा! रक्ताची गुठळी असू शकते. मालिश अजिबात करू नका.

फिजिओवाली_वाई: +१. दम लागला, छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सी.

सुमनकाकू: पोवईनाका, तुम्ही साताऱ्यातलेच ना? माझ्याकडं कमोडची खुर्ची आहे, माळ्यावर पडलीय, घेऊन जा.

पोवईनाका: काकू एवढं पण नाही ओ

मिरजेचा_बंड्या: मला चालतीय काकू, आमच्या आजीला पाहिजे. एसटीनं पार्सल करता का? बदल्यात भडंग पाठवतो

उसाचा_फड: डॉपलर (पायातल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी) झाली. गुठळी निघाली, लहान हाय म्हणाले, औषध सुरू केलंय. वैनी उपकार झाले

कृष्णाकाठची: बापरे. गोळी चुकवू देऊ नका त्याला.