मदत हवी आहे: मामांना लॉटरी लागली, आता ‘नाही’ कसं म्हणायचं?

नमस्कार मंडळी,

मामांचा मिरजेजवळ चहाचा गाडा आहे, वय ५८. वीस वर्षं दर दिवाळीला बंपरचं एक तिकीट घ्यायचे आणि मामीच्या शिव्या खायचे. या खेपेला ८० लाख लागले. २४ लाख कर कापून ५६ लाख खात्यात आले.

तीन महिने झाले. परवा पासबुक पाहिलं, ३७ लाख उरलेत. उधळले म्हणावं तर तेही नाही. अंगावर तोच शर्ट, गाडा पहाटे पाचलाच लागतो. गेले ते हातउसने. चुलतभावाला ट्रॅक्टरसाठी ४ लाख, मामीच्या भाच्याला दुकानासाठी ३, देवळाच्या शिखराला दीड. बाकी कुणाला किती दिले, मामांनाच धड आठवत नाही. चिठ्ठी नाही, चपाटी नाही. विचारलं तर म्हणतात, “दारात आलेला माणूस मी कधी बिनचहाचा पाठवला नाही, आता तोंड कसं फिरवू?”

त्यातच गेल्या आठवड्यात बँकेतल्या एका साहेबांनी घरी येऊन सह्या घेतल्या. मामांना वाटलं एफडी. निघाली दरवर्षी ५ लाख हप्त्याची विमा पॉलिसी! शिवाय एका पतसंस्थेचे संचालक १२ टक्क्यांचं गाजर घेऊन रोज चहाला येतात.

२०२२ मध्ये केरळात ओणम बंपरचे २५ कोटी एका रिक्षावाल्याला लागले होते. कमिशन आणि कर जाऊन हातात पावणेसोळा. मागणाऱ्यांच्या त्रासाने काही दिवसांतच तो म्हणाला, एवढं लागायलाच नको होतं. तेव्हा आम्ही हसलो होतो.

मी बोललो की ‘याचाच डोळा आहे’ असं होतं. (माझ्या लग्नासाठी आईनेही शब्द टाकलाय, खोटं कशाला बोलू?) मामांचा मान राखून हे कसं थांबवू?

प्रतिसाद १
आधी पॉलिसी. ती हातात पडल्यापासून ३० दिवसांत लेखी कळवून परत करता येते, थोडी वजावट होऊन पैसे मिळतात.

दुसरं, कर संपलेला नाही. कापले ते नुसते ३० टक्के. उत्पन्न ५० लाखांवर गेलं की कराच्या १० टक्के अधिभार, वर ४ टक्के उपकर. अजून साधारण ३ लाख ४६ हजार बाजूला ठेवा आणि ३१ मार्चच्या आत भरा.

पतसंस्थेतल्या ठेवीला ५ लाखांचं विमा संरक्षण नसतं. बँकेत असतं, तेही एका बँकेत एका माणसाला तेवढंच.

आणि चुलतभाऊ आयकराच्या ‘नातेवाईक’ व्याख्येत बसत नाही. ४ लाख भेट ठरले तर त्याचंच उत्पन्न धरतील. हे त्याच्या कानावर घाला, पैसे उसने घेतल्याचं लिहून द्यायला स्वतःहून स्टँपपेपर घेऊन येईल.

प्रतिसाद २
या वयात मामा ‘नाही’ म्हणायला शिकणार नाहीत. त्यांना सबब द्या. दोन-तीन बँकांत मामा-मामींच्या नावे मुदतठेवी करा, दोघांच्या सह्यांशिवाय मोडता येणार नाहीत अशा.

धागाकर्ता
मामीला वाचून दाखवलं. म्हणाली, “माझी सही घ्यायला येऊ दे एकेकाला, बघतेच.” मामा गालात हसले, तीन महिन्यांत पहिल्यांदा. पॉलिसीचा अर्ज उद्या देतोय. तो बँकेच्या शाखेत द्यायचा की थेट विमा कंपनीला?