मीडिया आर्ट्सची पदवी आणि सातारा-सांगली : तुमचे अनुभव सांगा

भाचीने यंदा मीडिया आर्ट्सची पदवी घेतली. तिला साताऱ्यातच राहायचंय. घरचे म्हणतात, पुण्या-मुंबईशिवाय गत्यंतर नाही. हे शिकून इकडेच पाय रोवलेल्यांनी लिहा. पैशांचंही लपवू नका.

मिरज : माझा विषय साउंड. पदवीनंतर वर्षभर घरीच होतो. एकदा शेजारचे सतारमेकर काका म्हणाले, "परदेशातलं गिऱ्हाईक तंबोरा ऐकवा म्हणतंय, मोबाईलवर नीट येईना." येणार कसा? मोबाईल सलग आवाजाला गोंगाट समजून दाबतो, आणि तंबोऱ्याचा जीवच त्या सलग झंकारात. जवारी, म्हणजे तारेचा तो खास झंकारच, ऐकू गेली नाही तर घेणारा पारखणार काय? रात्री अकरानंतर पंखा बंद करून, दोन माइक लावून रेकॉर्ड केलं. काकांनी हेडफोन लावले, डोळे मिटले. म्हणाले, "हां, हा माझा." आता सात कारागिरांची वाद्यं रेकॉर्ड करतो. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला, तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा वाटलं आपणही यात आहोत. एवढ्यावर घर मात्र चालत नाही. मैफलींचं साउंड धरून महिन्याला पंचवीस हजार सुटतात.

वाई : मी शूटिंगची लोकेशन बघते. मेणवलीचा घाट सगळ्यांनाच हवा असतो. पण खरं काम गावात : परवानग्या, गाड्या कुठे लावायच्या, जनरेटर किती लांब, कुणाचं पीक तुडवलं तर भरपाई. भरपाई त्याच संध्याकाळी हातात द्यायची, नाहीतर पुढच्या युनिटला ते रान मिळत नाही. पावसाळ्यात काम थंडावतं, म्हणून चार महिन्यांची शिल्लक ठेवते.

सांगली : लग्नाचं शूटिंग, एडिटिंग. निम्मे पैसे आधी, उरलेले व्हिडिओ हातात देताना. दोन सीझन उधारीत बुडाल्यावर हे शिकलो.

कराड : ड्रोन घेण्याआधी नियम वाचा. 250 ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. आधी त्यावर खर्च करा, मग ड्रोनवर.

मिरजेच्या दादांना : भाचीचाही विषय साउंडच आहे. तुमचं लिहिणं तिने दोनदा वाचलं. पुढच्या रेकॉर्डिंगला शेजारी बसून बघितलं तर चालेल का, विचारतेय. रात्रीचं असलं तरी मी घेऊन येईन.