फिनिक्सच्या उपनगरांत मुलाबाळांसह येताना: भाग कसा निवडलात? (अनुभव धागा)

दर वसंतात आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर तोच प्रश्न येतो: "जूनमध्ये जॉइन होतोय, दोन मुलं आहेत, चँडलर बघावं की गिल्बर्ट?" उत्तरं भरपूर येतात, दोन दिवसांत वर सरकतात आणि पुढच्या कुटुंबाला पुन्हा पहिल्यापासून विचारावं लागतं. म्हणून हा धागा काढते आहे. ॲरिझोनात फिनिक्सभोवती, म्हणजे ज्याला इथे सगळे 'व्हॅली' म्हणतात तिथे, कुटुंबासह राहणाऱ्यांनी लिहावं. भाग का निवडलात, पहिला उन्हाळा गेल्यावर काय वाटलं, आणि घर बघताना काय काय विचारायला हवं?

सुरुवात मीच करते. आम्ही दक्षिण चँडलरला, इंटेलच्या ओकोटिलो कॅम्पसपासून जवळ. माझं ठाम मत आहे की शक्य असेल तर घर जुलैत बघावं. फेब्रुवारी-मार्चमध्ये इथे संत्र्या-लिंबांच्या फुलांचा घमघमाट असतो, हवा सोन्यासारखी असते, आणि त्या हवेत कुठलंही घर आवडतं. खरी परीक्षा उन्हाळ्यात होते. २०२३ मध्ये ३० जूनपासून सलग ३१ दिवस तापमान रोज ११० अंश फॅरनहाइटला, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या वर, पोचत होतं. २०२४ मध्ये सलग ११३ दिवस शंभरी गाठली. आणि आमच्या शाळा जुलैच्या उत्तरार्धातच सुरू होतात. म्हणजे मूल शाळेतून चालत किंवा सायकलवर घरी येणार ते ऐन भट्टीत.

व्हॅलीचे मोठे रस्ते साधारण मैलामैलावर एकमेकांना छेदतात आणि त्या चौकोनांच्या आत वस्त्या आहेत. शाळा आणि घर एकाच चौकोनात असतील तर मुलाला सहा लेनचा रस्ता ओलांडावा लागत नाही. नकाशावर अर्धा मैल दिसतं, पण मध्ये असा रस्ता असेल तर उन्हात सिग्नलला उभं राहणं आलं. आम्ही दुपारी तीन वाजता, शाळा सुटायच्या वेळी, त्या वाटेवरून स्वतः चाललो आणि कुठल्या फुटपाथवर झाडांची सावली आहे ते पाहूनच घर पक्कं केलं. सहा घरं सोडली ती याच कारणाने. लेक आता एकटी सायकलवर जाते-येते, आणि त्या निवडीचं समाधान मला रोज मिळतं.

गिल्बर्टहून

धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. मी घराच्या तोंडाबद्दल लिहितो, कारण आपल्याकडे पूर्वाभिमुख घराचा आग्रह असतो. आमच्याही घरात होता, आईचा तर फारच. इथे पूर्वेला दार म्हणजे मागचं अंगण पश्चिमेला. मे ते सप्टेंबर दुपारी दोनपासून सूर्य मावळेपर्यंत मागच्या काचेच्या सरकत्या दारावर ऊन आदळतं, आणि बहुतेक घरांत बैठक व स्वयंपाकघर नेमकं त्याच बाजूला असतं. म्हणून इथल्या जाहिरातींत उत्तर-दक्षिण घर ही जमेची बाजू म्हणून मुद्दाम लिहिलेली दिसते.

आम्ही उत्तराभिमुख घेतलं. उत्तर ही कुबेराची दिशा, म्हणून आईही खूश. पूर्वाभिमुखच हवं असेल तर मागे खोल, छप्पर असलेला पॅटिओ आहे का आणि पश्चिमेला मोठं मेस्किट किंवा पालो व्हेर्डे आहे का ते बघा. या दोन्ही झाडांना पाणी कमी लागतं आणि सावली छान पडते.

मुलांसाठी गिल्बर्टमध्ये मला सगळ्यात आवडतं ते वॉटर रँचचं रायपेरियन प्रिझर्व्ह. सांडपाणी शुद्ध करून त्याची तळी केली आहेत आणि भर वाळवंटात तिथे बगळे, बदकं, घुबडं दिसतात. हिवाळ्यात दर शनिवारी आमची फेरी ठरलेली.

मेसा, मूळचा चंद्रपूरचा

ऊन मला नवं नाही, चंद्रपूरला ४७ सेल्सिअस पाहिलेलं आहे. तरी इथला उन्हाळा वेगळा जातो आणि त्याचं कारण नुसतं तापमान नाही. आपल्याकडे मे महिन्यात अख्खं गाव दुपारी आत जातं. दुकानं अर्धी बंद, शाळांना सुट्टी. इथे दुपारी तीनलाही ऑफिस, शाळा, फुटबॉलची प्रॅक्टिस चालूच. सगळा भार एसीवर. काँक्रीट आणि डांबर रात्रभर उष्णता सोडत राहतं, त्यामुळे पहाटेही म्हणावा तसा गारवा येत नाही. जुलैत गार पाण्याच्या नळालाही गरम पाणी येतं.

म्हणून भाड्याचं असो की विकतचं, एसी किती जुना आहे हे पहिलं विचारा. दुमजली घरात दोन युनिट आहेत का, तेही. मग मागच्या जुलै-ऑगस्टचं विजेचं बिल मागा. वीज कंपनी तुम्हाला निवडता येत नाही, भागानुसार एसआरपी किंवा एपीएस ठरलेली असते. निवडता येतो तो प्लॅन. एपीएसच्या वेळेनुसार दर असलेल्या प्लॅनमध्ये कामाच्या दिवशी संध्याकाळी चार ते सात वीज महाग. आम्ही दुपारीच घर ७४ फॅरनहाइटपर्यंत गार करून घेतो आणि चारला थर्मोस्टॅट ८० वर नेतो. भिंती-छताचं इन्सुलेशन चांगलं असेल तर सातपर्यंत घर तग धरतं. नसेल तर साडेपाचलाच कळतं.

टेंपीहून, तीन वर्षांच्या मुलाची आई

नवरा ऑफिसला गाडी घेऊन जाणार, मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, घरी, मूल लहान. अशा घरासाठी माझं मत वेगळं आहे. मोठं घर आणि शाळांचे रेटिंग या गोष्टी नंतर. पहिली दोन वर्षं आईला गाडीशिवाय कुठे जाता येईल ते बघा. टेंपीत ऑर्बिटच्या छोट्या बसेस वस्त्यांमधून फुकट फिरतात, लाइट रेल आहे, लायब्ररी आहे. जून ते सप्टेंबर लायब्ररीचा गोष्टींचा तास हेच माझं आणि लेकराचं जग होतं, आणि तिथेच मला दोन मैत्रिणी मिळाल्या, एक सोलापूरची आणि एक मेक्सिकोची. दूरच्या नव्या वस्तीत सुंदर घरात चार महिने दारं-खिडक्या बंद करून बसणं फार जड जातं. नव्याने येणाऱ्या भावांनो, हे घर निवडायच्या आधी बायकोशी बोला.

बागेत घसरगुंडीवर कापडाचं छत आहे का ते बघून घ्या, आणि उन्हाळ्यात मूल बसण्याआधी स्वतःचा तळहात लावा. तापलेल्या डांबरावर किंवा धातूवर लहान मुलांची कातडी काही सेकंदांत भाजते. गाडीतल्या कारसीटचं बक्कलसुद्धा तसंच.

वरच्या ताईंना अनुमोदन, आणि एक भर: घराला पोहण्याचा तलाव असेल आणि मूल सहा वर्षांखालचं असेल तर तलावाभोवती पाच फुटी अडथळा आणि आपोआप बंद होणारं फाटक हा ॲरिझोनाचा कायदा आहे. जुन्या घरांत कुंपण काढून टाकलेलं असतं. चाव्या हातात घेण्याआधी बसवून मागा. नंतर करू म्हणू नका.

उत्तर पिओरियाहून

सगळे ईस्ट व्हॅलीबद्दल, म्हणजे चँडलर, गिल्बर्ट, मेसाकडच्या बाजूबद्दल, लिहिताहेत, म्हणून इकडची बाजू मांडतो. टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना उत्तर फिनिक्समध्ये, आय-१७ आणि लूप ३०३ च्या जवळ. तिथे नोकरी असून 'आपली माणसं चँडलरला आहेत' म्हणून तिकडे घर घेतलं तर रोज अख्खी व्हॅली ओलांडावी लागते. आम्ही इकडे राहिलो. किराणा, मराठी शाळा, गणपतीचा कार्यक्रम यांसाठी शनिवार-रविवारी लांब जावं लागतं, ते आम्ही आनंदाने करतो. डोंगर दारात आहेत, रात्री तारे दिसतात, मुलांना सग्वारो कॅक्टस ओळखीचे झालेत. सग्वारोला कायद्याचं संरक्षण आहे, उपटून नेता येत नाही. अंगणात एक असेल तर भाग्य समजा.

घर शोधताना सन सिटी, सन सिटी वेस्ट अशी नावं स्वस्तात दिसतील. ती ज्येष्ठांची गावं आहेत, ५५ वर्षांच्या अटीची. मुलांसह तिथे राहता येत नाही. ईस्ट व्हॅलीतल्या सन लेक्सचंही तसंच.

मॅरिकोपा

त्याच पैशात मोठं घर, आणि महागणपती मंदिर जवळच. सासूबाई आल्या की रोज संध्याकाळी आरतीला जातात. त्यांच्यासाठी हे गाव म्हणजे आनंद आहे. किंमत मोजावी लागते ती ३४७ नंबरच्या रस्त्याची. फिनिक्सकडे जायचा मुख्य मार्ग तोच, आणि सकाळी तो भरलेला असतो. दोघंही रोज ऑफिसला जाणारे असतील तर मी हे गाव सुचवणार नाही. एक जण घरून काम करत असेल तर जरूर विचार करा.

मोकळ्या शेतांमधून जाणारा रस्ता असल्यामुळे धुळीची वादळं, ज्यांना इथे हबूब म्हणतात, समोरून भिंतीसारखी येतात. मान्सून इथे १५ जून ते ३० सप्टेंबर धरतात, तेव्हाच ही यायची. वाहतूक खात्याचा नियम घरातल्या प्रत्येक चालकाला पाठ असू द्या: रस्त्यावरून पूर्ण बाजूला उतरा, सगळे दिवे बंद करा, ब्रेकवरचा पाय काढा. दिवे का बंद? मागचा माणूस तुमचे लाल दिवे बघून तोच रस्ता समजतो आणि येऊन धडकतो.

क्वीन क्रीकहून

पाण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. फिनिक्सला वर्षाला जेमतेम सात इंच पाऊस पडतो. पाणी येतं सॉल्ट आणि व्हेर्डे नद्यांचं, कोलोरॅडोचं ३३६ मैलांच्या कालव्यातून, आणि जमिनीखालचं. १९८० च्या भूजल कायद्यामुळे नव्या वसाहतीला शंभर वर्षांच्या पाण्याची हमी दाखवावी लागते. जून २०२३ मध्ये राज्याने सांगितलं की फिनिक्स परिसरात निव्वळ भूजलाच्या भरवशावर नव्या वसाहतींना ही हमी यापुढे मिळणार नाही. त्याचा फटका बकाय आणि आमच्या क्वीन क्रीकसारख्या कडेच्या गावांना बसला.

म्हणजे घाबरायचं असं नाही. आधीच मंजुरी मिळालेल्या वसाहतींना धक्का नाही. पण गावाच्या हद्दीबाहेरच्या, टँकरवर चालणाऱ्या घरांपासून लांब राहा. स्कॉट्सडेलजवळच्या रिओ व्हेर्डे फूटहिल्सला शहराने १ जानेवारी २०२३ पासून पाणी बंद केलं, तेव्हा तिथली कुटुंबं कागदी ताटल्यांत जेवत होती. मी मराठवाड्याचा. टँकरची वाट बघणं काय असतं ते मला माहीत आहे, आणि माझ्या मुलांच्या वाट्याला ते मी येऊ देणार नाही. घर दाखवणाऱ्याला सरळ विचारा: पाणी कोण पुरवतं? बिल कुणाच्या नावाने येतं?

गिल्बर्ट, नवी वस्ती

व्हॅली फीव्हरबद्दल लिहिते, कारण आम्हाला येण्याआधी हे कुणी सांगितलं नव्हतं. इथल्या मातीत एक बुरशी असते, धुळीबरोबर ती श्वासात जाते. एकाकडून दुसऱ्याला होत नाही. पुष्कळांना काहीच जाणवत नाही, काहींना खोकला, ताप आणि महिनोन्‌महिने थकवा. आमच्या आजूबाजूला बांधकामं सुरू होती. नवऱ्याचा खोकला हटेना, एका दवाखान्यात आधी अँटिबायोटिक दिलं, ते या आजारावर चालत नाही. शेवटी शेजारणीने सांगितलं म्हणून आम्ही रक्ताची तपासणी मागून घेतली आणि निदान झालं. आता तो बरा आहे. नव्या वस्तीत राहायला हरकत नाही, पण वाऱ्याच्या दिवशी खिडक्या बंद ठेवा, एसीचे फिल्टर वेळेवर बदला, आणि आठवड्याच्या वर खोकला राहिला तर डॉक्टरांना स्वतःहून नाव घेऊन विचारा. विंचवाची भीती सगळे घालतात. अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली तो हिरवट चमकतो, दिसतो, बंदोबस्त करता येतो. बुरशी दिसत नाही.

अवाटुकी

छोट्या छोट्या गोष्टी. ॲरिझोनात घड्याळं पुढेमागे करत नाहीत, त्यामुळे भारताशी अंतर वर्षभर साडेबारा तास. इथे सकाळी साडेसातला फोन लावला की आईकडे रात्रीचे आठ, बाराही महिने. आई-बाबांना मे-जूनमध्ये बोलावू नका, ऑक्टोबर ते मार्च बोलावा. ते रोज चालायला जातील आणि परत जाताना रडतील. ऑक्टोबरमध्ये बऱ्याच स्कूल डिस्ट्रिक्टना (एका भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थांना) एक-दोन आठवड्यांची सुट्टी असते, कधी दसरा तर कधी दिवाळीच्या जवळ येते. पण एक मूल चार्टर शाळेत (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणाऱ्या) आणि एक डिस्ट्रिक्टच्या शाळेत असेल तर दोघांच्या सुट्ट्या जुळतातच असं नाही, कॅलेंडर आधी शेजारी ठेवून बघा. मोगरा, शेवगा, कढीपत्ता कुंडीत मस्त येतात. कढीपत्त्याला जानेवारीच्या थंडीत रात्री चादर घाला.

प्रश्न, पुण्याहून: आम्ही ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पोचतोय. मुलगा चौथीत. शाळा सुरू झालेली असेल, प्रवेश मिळेल का?

हो, मिळेल. ज्या पत्त्यावर राहाल तिथल्या डिस्ट्रिक्टला मुलाला घ्यावंच लागतं, वर्षात कधीही. पत्त्याबाहेरची शाळा हवी असेल तर मात्र जागा शिल्लक असेल तरच, म्हणून भाडेकरार करण्याआधीच घराची शाळा कुठली ते डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून पाहा. भाडेकरार, जन्मदाखला आणि लसीकरणाची नोंद एवढं लागेल. लसीकरणाची नोंद तुमच्या बालरोगतज्ज्ञांकडून इंग्रजीत, तारखांसह लिहून घ्या आणि हातातल्या बॅगेत ठेवा.

बाकीच्यांनीही लिहा. स्कॉट्सडेल आणि सुरप्राइजकडून अजून कुणाचंच आलेलं नाही.