डाकोटाचे पंखे फोटोत थिजलेले दिसतात, शटर किती ठेवावं?

कपाशी_आर्वी

नमस्कार मंडळी. पुढच्या एअर शोची तयारी आतापासून करतो आहे. लग्नाच्या कामाचा कॅनन 1500डी आहे, सोबत 18-55 आणि 55-250 मिमीच्या लेन्स. जेट विमानं 1/1600 सेकंदाच्या शटरला स्वच्छ येतात. पण त्याच सेटिंगवर डाकोटा किंवा टायगर मॉथसारखं जुनं पंख्याचं विमान घेतलं की पंख्याची पाती जागच्या जागी थिजतात आणि विमान दोरीनं टांगल्यासारखं दिसतं. शटर कमी केलं की सगळंच हलतं. दोन्ही जमवायचं कसं? आणि 150-600 भाड्यानं आणावी का?

पिस्टन_इंजिन

अंदाजानं शटर ठेवू नका, पंखा किती फिरतो त्याचा हिशोब करा.

डाकोटाला प्रॅट अँड व्हिटनीचं आर-1830 इंजिन असतं. पंखा इंजिनाच्या वेगानं फिरत नाही, मधे 16:9 चा गिअर आहे. क्रूझला (सरळ उडताना) इंजिन 2050 आरपीएम (मिनिटाला फेरे) धरलं तर पंखा साधारण 1150, म्हणजे सेकंदाला 19 फेरे. पाती तीन, दोघींमध्ये 120 अंश. आता बघा: 1/1000 ला पातं जेमतेम 7 अंश सरकतं, म्हणजे थिजलेलंच. 1/250 ला 27 अंश, 1/125 ला 55 आणि 1/60 ला 115. पातं पुढच्या पात्याच्या जागी पोचून पूर्ण गोल चकती हवी तर 1/60 लाच जावं लागतं. टेक-ऑफला इंजिन 2700 वर असतं, तेव्हा तीच चकती 1/80 च्या आसपास मिळते.

टायगर मॉथला दोनच पाती, पण पंखा थेट इंजिनाला जोडलेला. 2000 आरपीएम धरा: 1/125 ला 96 अंश. शिवाय विमान संथ, त्यामुळे सुरुवात त्याच्यावर करा. हार्वर्ड या जुन्या प्रशिक्षण विमानाचाही पंखा थेट जोडलेला आणि दोन पात्यांचाच.

माझं मत विचाराल तर पूर्ण चकतीचा हट्ट नको. 1/125 ला पाती पसरलेली दिसतात, विमान जिवंत वाटतं आणि हाती लागणारे फोटो कितीतरी जास्त. पहिल्या फेरीला 1/250, दोन फोटो बरे आले की 1/125, आणि शेवटच्या फेरीला 1/60.

एक जागा लोक सोडून देतात, ती म्हणजे इंजिन सुरू होतानाची. उभ्या विमानात खालच्या सिलिंडरांत तेल उतरून साचलेलं असतं, सुरू होताना ते जळतं आणि निळसर पांढऱ्या धुराचा लोट निघतो. तेव्हा आणि टॅक्सी करताना (जमिनीवर चालताना) पंखा सावकाश फिरतो, म्हणून तिथं 1/30 ते 1/60. विमानही हळू असतं, त्यामुळे हे वाटतं तेवढं अवघड नाही.

लालपरी_पॅनिंग

भाऊ, वरचं गणित बरोबर आहे, पण पॅनिंगले, म्हणजे विमानासंगं कॅमेरा फिरवाले, हात बसल्याबिगर ते कामाचं नाही. अन् हात बसवाले विमान लागत नाही.

कॅमेरा किती झपाट्यानं फिरवा लागते ते वेग भागिले अंतर यावर असते. हॉक जेट ताशी 600 किलोमीटरनं 300 मीटरवरून जाते असं धरा. तेवढाच झपाटा ताशी 60 नं जाणाऱ्या एसटीले 30 मीटरवरून टिपताना लागते. डाकोटा ताशी 250, तेवढ्याच अंतरावर? मंग रिकामी ट्रॉली घेऊन ताशी 20 नं चाललेला ट्रॅक्टर 24 मीटरवरून. हायवेच्या बाजूच्या वावरात पावलं मोजून उभे राहाजा, 250 मिमीवर, रोज शंभर फोटो, पंधरा दिवस. डांबराच्या काठावर उभं राहू नोका, वावरातच राहाजा.

पाय एसटी येते तिकडं नाही, जिथं फोटो घ्याचा तिकडं रोखून ठेवा. कमरेतून मागं वळा, येणाऱ्या गाडीले पकडा अन् कमरेतूनच फिरा. डावा हात लेन्सच्या खाली, कोपरं बरगडीले टेकलेली. बटन दाबल्यावर थांबू नोका, गाडी निघून जाईपर्यंत फिरतच राहाजा. नव्वद टक्के फोटो इथंच बिघडतात, बटनाबरोबर हात थांबते म्हणून.

घारीवर सराव करा असं लोक सांगतात. मले ते पटत नाही, घार वळते, विमान एका रेषेत जाते.

पिस्टन_इंजिन

वरच्या उत्तराला जोडून. 250 मिमी, 300 मीटर, डाकोटा ताशी 250. हात विमानापेक्षा दहा टक्के मागं पडला तर 1500डी वर 1/60 ला सुमारे 25 पिक्सेल घसरतात, 1/250 ला सहाच. म्हणून शटर टप्प्याटप्प्यानं उतरवायचं.

आणि बाजूनं जाणाऱ्या विमानाचा धड शार्प, जवळचा पंख धूसर असा फोटो आला तर फोकस चुकला समजू नका. डाकोटाच्या पंखांचा पसारा 29 मीटर. जवळचं टोक आपल्याला 14-15 मीटर अलीकडं असतं, त्यामुळे ते धडापेक्षा पाचेक टक्के जास्त वेगानं सरकतं. हात धडाबरोबर गेला की टोक थोडं ओढलं जाणारच. धड धरा. भारतीय वायुसेनेच्या डाकोटावर व्हीपी 905 लिहिलंय, 27 ऑक्टोबर 1947 ला पहिल्या शीख बटालियनला श्रीनगरला नेणाऱ्या विमानाचा तो आकडा. तो वाचता आला पाहिजे, तर या फोटोला अर्थ.

उन्हाची_दिशा

लेन्स भाड्यानं आणू नका. 250 मिमीला 300 मीटरवर चौकटीची रुंदी सुमारे 27 मीटर पडते. डाकोटा लांबीला 19.7 मीटर, म्हणजे चौकट जवळजवळ भरली. हॉक 12.4 मीटर, तो 6000 पैकी 2700 पिक्सेल घेतो, कापून छापायला पुरेसा. 150-600 चं वजन दोन किलोच्या आसपास. सवय नसताना ती हातात धरून 1/125 ला पॅनिंग होत नाही. वायुसेनेच्या सूर्यकिरण पथकाची नऊ विमानांची रचना तर 55 ते 100 मिमीतच बसते.

1500डी सेकंदाला तीनच फोटो काढतो, हे ध्यानात ठेवा. दोन हॉक समोरासमोर येऊन एकमेकांना ओलांडतात तेव्हा दोघांचा मिळून वेग ताशी 1200 झाला तर दोन फोटोंच्या मधे ते 110 मीटर सरकलेले असतात. तिथं बर्स्ट (बटण दाबून धरून लागोपाठ फोटो) कामाचा नाही. एकाच विमानाला धरून चला आणि दुसरं चौकटीत शिरायच्या किंचित आधी एकदाच दाबा.

फोकस: एआय सर्व्हो (हलत्या वस्तूवर सतत फोकस ठेवणारा मोड), फक्त मधला पॉइंट. कोऱ्या आभाळात लेन्स पुढं-मागं भटकते, म्हणून विमान यायच्या आधी दूरच्या झाडावर किंवा टॉवरवर फोकस करून ठेवा. आवाजाच्या दिशेनं पाहू नका. एक किलोमीटरवरचा आवाज तीन सेकंदांनी येतो, तेवढ्यात ताशी 600 चं विमान अर्धा किलोमीटर पुढं गेलेलं असतं.

एक्सपोजर मॅन्युअल ठेवा. कॅमेऱ्याच्या मीटरला आभाळ दिसतं, विमान नाही. लख्ख ऊन असेल तर आयएसओ 400, एफ 8, 1/1600 पासून सुरू करा. ढगाळ पांढऱ्या आभाळासमोर एक स्टॉप (दुप्पट उजेड) वाढवा, नाहीतर विमानाचं पोट काळं येतं. सूर्यकिरणच्या तांबड्या रंगात लाल चॅनल आधी फुटतो (लाल भागातला तपशील जातो), तेव्हा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) रंगांचा पाहा.

नोव्हेंबर-डिसेंबरात आपल्याकडं सूर्य दुपारीही दक्षिणेकडं झुकलेला असतो. विमानांची रेषा तुमच्या उत्तरेला असेल अशी जागा धरा, ऊन पाठीवर येतं. धावपट्टीवरचे फोटो सकाळीच उरका. डांबर तापलं की झळा उठतात आणि दूरचं विमान पाण्यात हलल्यासारखं येतं, त्याला कुठलीच लेन्स उपाय नाही.

कपाशी_आर्वी

खूप आभार. पण 1/60 ला भर उन्हात फोटो पांढरा पडतो. एफ 22 केलं तर आभाळात काळे ठिपके. आणि वायुसेनेच्या सारंग पथकाच्या हेलिकॉप्टरांना काय ठेवू?

उन्हाची_दिशा

ठिपके सेन्सरवरच्या धुळीचे. छिद्र बारीक केलं की ते उठून दिसतात, शिवाय एफ 16 च्या पुढं चित्रही मऊ पडतं. तुमच्या लेन्सला 58 मिमीचा एनडी 8 (उजेड कमी करणारा) फिल्टर बसतो. तो तीन स्टॉप खातो, आयएसओ 100 ला 1/60 साठी एफ 7.1 पुरतं. जेट येण्याआधी मात्र तो आठवणीनं काढा. आदल्या दिवशी घरी ब्लोअरनं सेन्सर साफ करा, तोंडानं फुंकू नका. मैदानात लेन्स बदलायची नाही, 55-250 लावून ठेवा आणि जमिनीवरच्या विमानांसाठी मोबाइल वापरा.

पिस्टन_इंजिन

सारंगचं हेलिकॉप्टर म्हणजे ध्रुव. वरचा पंखा मिनिटाला साधारण 314 फेरे, पाती चार. 1/60 ला पातं 31 अंशच सरकतं, पूर्ण चकतीला 1/20 लागेल. त्या नादी लागू नका, 1/80 ते 1/125 पुरे, शेपटीवरचा मोर स्वच्छ यायला हवा.

सरावासाठी विमानतळाच्या किंवा वायुसेनेच्या कुंपणाशी लेन्स घेऊन उभं राहायचं नाही, आपल्या नागपूरच्या सोनेगावला तर मुळीच नाही. 1923 च्या शासकीय गुपितांच्या कायद्यात लष्करी तळ प्रतिबंधित ठिकाण आहे. शोच्या दिवशीही पासवर कॅमेऱ्याबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. ड्रोन घरी ठेवा. आणि डब्यातलं उरलेलं मैदानात टाकू नका. त्यावर घारी जमतात, खालून उडणाऱ्या विमानाला त्यांचा मोठा धोका असतो.

लालपरी_पॅनिंग

अन् भाऊ, एसटीचे फोटो इथं टाका. 1/125 चे दहा टाका, हात कुठं अडते ते पाहून सांगतो.