चढावर थांबलेली गाडी आणि हिल होल्डची दोन सेकंदं: तुमचे अनुभव सांगा

वेळणेश्वरजवळ आमचं घर आहे. अंगणातून वर डांबरी रस्त्याला लागताना शेवटचा टप्पा असा उभा आहे की समोरच्या काचेतून नुसतं आभाळ दिसतं. आणि नेमकं तिथेच थांबावं लागतं, कारण वळणावरून एस.टी. येतेय का ते दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी आईला दवाखान्यात नेताना मी तिथे थांबलो. ब्रेकवरून पाय काढला आणि क्लच पकडायच्या आत गाडी दोन-तीन हात मागे आली. मागे सात वर्षांचा पुतण्या गेट लावत होता. त्याला काही झालं नाही, पण ती गोष्ट माझ्या मनातून अजून गेलेली नाही.

आताच्या गाडीत हिल होल्ड आहे, म्हणजे चढावर ब्रेक सोडला तरी गाडी थोडा वेळ धरून ठेवणारी सोय; गिअर मात्र हातानेच टाकायचे. त्याच चढावर पुन्हा पुन्हा करून बघितलं तेव्हा कळलं ते असं. ब्रेक दाबून गाडी चढावर उभी राहिली की सेन्सर तिचा कल ओळखतो. पहिला गिअर टाकून, क्लच दाबलेला ठेवून तुम्ही ब्रेक सोडता, पण एबीएस-ईएसपीच्या (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या आणि गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटमधले व्हॉल्व्ह ब्रेक ऑइलचा दाब चाकांपाशी तसाच कोंडून ठेवतात. साधारण दोन सेकंदं. तेवढ्यात उजवा पाय ॲक्सिलरेटरवर न्यायचा आणि क्लच पकडू द्यायचा. इंजिनाचा जोर पुरेसा झाला की ब्रेक आपोआप सुटतो. तुम्ही काहीच केलं नाहीत, तरीही सुटतो आणि गाडी मागे येते! हे शोरूममध्ये मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून हा धागा. ज्यांच्या गाडीत ही सोय आहे त्यांनी लिहा, नाही त्यांनी तर नक्कीच लिहा.

चिपळूणहून, आठवड्यातून दोनदा कुंभार्ली घाट करणारा

घाटात एखादा ट्रक बंद पडला की मागे रांग लागते आणि मग वीस फूट पुढे, थांबा, दहा फूट पुढे, थांबा. जुन्या गाडीत मी हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धाच सोडून, गाडी तोलून धरायचो. करपल्याचा वास यायचा, काचा खाली करायचो आणि तसाच पुढे जायचो. शेवटी क्लच प्लेट बदलावी लागली. हिल होल्ड असलेली गाडी आली तरी पायाची ती खोड जाईना. आता ठरवून करतो: ब्रेक दाबून थांबायचं, पुढे दोन गाड्यांची जागा मोकळी होऊ द्यायची आणि एकदाच निघायचं. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत. आणखी एक, पुढच्या चिऱ्याच्या ट्रकला चिकटू नका. तुमची गाडी जागेवर राहील, ट्रक मागे आला तर काय कराल?

देवगडहून, आंबा बागायतदार

बागेतून सड्यावर, म्हणजे वरच्या पठारावर, यायची वाट कातळाची आहे, पावसात शेवाळ धरते. मागे आंब्याच्या पेट्या भरल्या की पुढची चाकं हलकी होतात, आणि माझी गाडी पुढच्या चाकांनी ओढणारी. एकदा मे अखेरच्या पावसात हिल होल्डने ब्रेक धरून ठेवला होता तरी गाडी सावकाश मागे घसरायला लागली. बायको ओरडली, "गाडी मागे येता!" चाकं फिरत नव्हती, टायरच सरकत होते. तिथे ब्रेक कितीही धरून काय उपयोग? आमचो गडी चाकामागे दगड लावून मोकळो झालो म्हणून निभावलं.

तेव्हापासून तसला छोटा, ओला चढ मी रिव्हर्सने चढतो. तोंड उताराकडे असलं की वजन पुढच्या चाकांवर येतं, पकड चांगली मिळते. आणि माझ्या गाडीत रिव्हर्स टाकल्यावरही हिल होल्ड चालतो, उलट्या चढाला. न्यूट्रलमध्ये मात्र धरत नाही.

रत्नागिरीहून, चाळीस वर्षं गॅरेज चालवलेला

ही कल्पना जुनी आहे मंडळी. अमेरिकेतल्या स्टुडबेकर कंपनीने १९३६ साली 'हिल होल्डर' आणला, तोही एकाही सेन्सरशिवाय. ब्रेक ऑइलच्या वाटेत एक गोळी असे. गाडीचं तोंड वर झालं की गोळी मागे घरंगळून तेलाची परतीची वाट बंद करी. क्लच दाबलेला असेपर्यंत ती वाट बंदच राही, क्लच सोडत आणला की गोळी बाजूला होई. म्हणजे तेव्हा घड्याळ नव्हतं, सगळं तुमच्या डाव्या पायाच्या हातात होतं. मला ती रचना अजूनही फार सुंदर वाटते.

आजच्या गाडीबद्दल एकच सांगतो. चढावर थांबताना ब्रेक घट्ट दाबा. बहुतेक गाड्यांत तुम्ही दिलेलाच दाब कोंडला जातो. अर्धवट दाबलात तर पाच माणसांनी भरलेली गाडी तेवढ्यावर थांबणार नाही. आणि ईएसपीचा दिवा सतत पेटलेला असेल तर हिल होल्ड नाहीच असं समजून चालवा.

दापोलीहून, बावन्नाव्या वर्षी गाडी शिकलेली

ज्यांच्याकडे शिकले त्यांनी महिनाभर मैदानावर आणि सरळ रस्त्यावर फिरवलं. कोकणात राहणाऱ्या बाईला चढावर गाडी उचलायला शिकवली नाही, याचा मला आजही राग येतो. आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीला जाताना समोरून गाडी आली, मी चढावर थांबले आणि तीन वेळा गाडी बंद पडली. माझ्या गाडीत हिल होल्ड नाही.

मग भावाने हँडब्रेक शिकवला. हँडब्रेक ओढलेला, पहिला गिअर, थोडा ॲक्सिलरेटर, क्लच हळूहळू सोडायचा. इंजिनाचा आवाज जड होतो, बॉनेट किंचित वर उचलल्यासारखं वाटतं. तिथे डावा पाय थांबवायचा आणि मग हँडब्रेक खाली. दोन सेकंदांची घाई नाही, हवा तितका वेळ. आठ दिवस रोज पहाटे, रस्ता रिकामा असताना केलं. आता त्या गणपतीला मी मैत्रिणींना घेऊन जाते.

दाभोळहून

धोपाव्याच्या फेरीबोटीतून बाहेर पडताना पुढची चाकं जेटीवर, मागची बोटीच्या फळीवर. तिथे माझा हिल होल्ड कधी धरतो, कधी नाही. कल कमी असला की त्याला चढ वाटतच नाही. मी तिथे हँडब्रेकच वापरतो.

वेळणेश्वरहून, धागा सुरू करणारा

सगळ्यांचे मनापासून आभार. देवगडच्या दादांची रिव्हर्सची युक्ती मला वापरता येणार नाही, आंधळ्या वळणावर उलटं बाहेर पडणं धोक्याचं. दापोलीच्या ताईंचा हँडब्रेक मात्र काल दहा वेळा केला, हिल होल्ड असूनही. गेट आता मीच लावतो, गाडी वर सपाटीवर उभी करून. गाडी रस्त्याला लागेपर्यंत पुतण्या आजीजवळ ओटीवर बसतो.