लोकसमूहांच्या तक्त्यात टक्के 100 च्या वर जातात, वर्तुळालेख कसा काढायचा?

गोदाकाठ
नाशिकमधल्या एका शाळेच्या भूगोल प्रदर्शनासाठी ‘देश आणि तिथले लोकसमूह’ असे बारा तक्ते करायचे आहेत. प्रत्येक देशाला एक वर्तुळालेख, असं ठरलंय. पण न्यूझीलंडची बेरीज 111 च्या पुढे जाते, फ्रान्सचा अधिकृत आकडाच मिळत नाही, आणि चीनमध्ये कुणी 56 गट सांगतं तर कुणी चारशे. शेवटचा तक्ता आपल्या जिल्ह्याचा आहे. माहिती आठवी-नववीची मुलं सांगणार आहेत, म्हणजे कुणी उलटतपासणी घेतली तरी त्यांना उत्तर देता यायला हवं. हे सगळं कसं बसवू?

सातपूरकर
बसवू नका, वर्तुळालेख सोडून द्या. न्यूझीलंडमध्ये एका माणसाला एकाहून जास्त गट लिहिता येतात. आई माओरी आणि वडील युरोपीय वंशाचे असतील आणि त्याने दोन्ही लिहिले, तर तो दोन्हीकडे मोजला जातो. 2023 चे आकडे असे: युरोपीय 67.8, माओरी 17.8, आशियाई 17.3, पॅसिफिक बेटांवरचे 8.9. या चारांचीच बेरीज 111.8 होते आणि ती बरोबर आहे. गंमत अशी की हेच आकडे एक्सेलमध्ये वर्तुळात टाकले तर ते मुकाट्याने 67.8 ला 111.8 ने भागतं आणि युरोपीयांची फोड 60.6 टक्क्यांची काढतं. चित्र सुबक, माहिती खोटी. त्यापेक्षा आडव्या पट्ट्या काढा, प्रत्येक पट्टी 0 ते 100 च्या मापावर वेगळी.

दुसरं म्हणजे आकडे भरण्याआधी हे रकाने आखून घ्या: जनगणनेचं वर्ष, फॉर्मवर नेमका काय प्रश्न होता, एकाहून जास्त उत्तरं चालतात का, आणि टक्के कशाचे. शेवटचा रकाना लोक हमखास विसरतात. सिंगापूरचे 2020 चे आकडे (चिनी 74.3, मलय 13.5, भारतीय 9.0) फक्त नागरिक आणि कायम रहिवाशांचे आहेत. म्हणजे साधारण 57 लाखांच्या वस्तीतले 40 लाख. बाहेरून आलेले कामगार त्यात नाहीत. शिवाय तिथल्या ‘भारतीय’ गटात पाकिस्तानी, बांगलादेशी आणि श्रीलंकन वंशाचे लोकही धरतात.

पंचवटी_वाचक
चीनचा घोळ 1953 च्या जनगणनेपासूनचा. तेव्हा लोकांनी आपापली नावं सांगितली आणि ती 400 च्या वर गेली. मग 1954 पासून सरकारने अभ्यासक पाठवून, मुख्यतः युन्नान प्रांतात, गट एकमेकांत मिसळत यादी केली. शेवटचा, जिनुओ, 1979 मध्ये धरला गेला. हान आणि इतर 55, असे 56. 2020 मध्ये हान 91.11 टक्के. यादीत नाव नसलेले लोक कुणाच्या तरी पोटात जातात. मोसुओ युन्नानमध्ये नाशी म्हणून मोजले जातात, तर पलीकडे सिचुआनमध्ये मंगोल म्हणून! तेव्हा तक्त्यावर ‘चीनमध्ये 56 गट आहेत’ असं न लिहिता ‘सरकार 56 गट मानतं’ असं लिहा.

ब्राझील घेतला असेल तर तिथला प्रश्न ‘रंग किंवा वंश’ असा आहे आणि पर्याय पाचच. 2022 मध्ये पार्दो, म्हणजे मिश्र, 45.3, गोरे 43.5, काळे 10.2, उरलेल्या एका टक्क्यात मूळनिवासी आणि पूर्व आशियाई वंशाचे. इटालियन आणि जर्मन वंशाचे बहुतेक लोक गोऱ्यांत जातात. त्यांचा वेगळा आकडा या प्रश्नातून निघत नाही, शोधत बसू नका.

गोदाकाठ
फ्रान्सची पट्टी मग रिकामी ठेवू? रवांडाही घेतलाय, त्याचा 84-15-1 (हुतू, तुत्सी आणि त्वा या गटांचे टक्के) असा आकडा सगळीकडे दिसतो.

सातपूरकर
दोन्ही रिकाम्याच ठेवा आणि आत कारण लिहा. फ्रान्समध्ये वंशाची नोंद 1978 च्या कायद्याने जखडली आहे. 2007 मध्ये तिथल्या घटना परिषदेनेही वांशिक मूळ विचारण्यावर बोट ठेवलं. जन्मदेश मात्र विचारतात. तो हवा तर निराळ्या रंगात दाखवा, वंशाच्या रकान्यात घुसवू नका. रवांडात बेल्जियनांनी 1930 च्या दशकात ओळखपत्रावर हुतू, तुत्सी, त्वा छापलं. 1994 च्या नरसंहारात नाक्यानाक्यावर तीच पत्रं पाहून माणसं मारली गेली. त्यानंतर ती नोंद काढून टाकली आणि जनगणनेतही विचारत नाहीत. 84-15-1 हा आजच्या कुठल्याच जनगणनेतला आकडा नाही.

दिंडोरी_रोड
जिल्ह्याच्या तक्त्याबद्दल. 2011 च्या जनगणनेप्रमाणे नाशिक जिल्ह्यात अनुसूचित जमाती सुमारे 25.6 टक्के, पण पेठ आणि सुरगाण्यात 90 च्याही वर. जिल्ह्याची एकच पट्टी काढली तर हे दिसणारच नाही, तालुकावार काढा. नावं कोकणा, महादेव कोळी, भिल्ल, वारली, ठाकूर, काथोडी अशी येतील. अनुसूचित जमातींच्या यादीत एकेका नोंदीखाली अनेक नावं असतात. पावरा भिल्लांच्या नोंदीत आहेत, मावची गावितांच्या. त्यांचा स्वतंत्र आकडा तिथे मागू नका.

आणखी एक प्रश्न येणार: बंजारा कुठे गेले? जमातींची यादी राज्यागणिक वेगळी असते. तेलंगणात लंबाडा (बंजाऱ्यांचंच तिथलं नाव) अनुसूचित जमातीत आहेत, महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत, म्हणून या 25.6 मध्ये ते धरलेले नाहीत. हे पट्टीखाली एका ओळीत छापूनच टाका, मुलांची सुटका होईल.