नवी इलेक्ट्रिक गाडी : ताब्याआधीचं डॅमेज आणि बुडणारे फायदे (सातारा-सांगली अनुभव धागा)

धागाकर्ता

सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज या पट्ट्यातून दोन प्रश्न सारखे येतात. नव्या गाडीवर आधीच मार लागलेला दिसला तर काय करायचं? आणि ती गाडी नाकारली तर कबूल झालेल्या सवलतींचं काय होतं? म्हणून या कामातल्या लोकांना मुद्दाम बोलावलं आहे. आपबीती नको. काय बघायचं, कशानं बघायचं आणि कुठला कागद मागायचा तेवढं लिहा. शोरूमची नावं टाळा.

सुरुवात मीच करतो. सगळा खेळ चासी नंबरचा, म्हणजे गाडीवर कोरलेल्या ओळख क्रमांकाचा आहे. तुमच्या नावावर इन्व्हॉइस फाटायच्या आधी गाडी नाकारणं म्हणजे नुसतं 'दुसरी दाखवा' म्हणणं. इन्व्हॉइस, विमा आणि 'वाहन' या सरकारी पोर्टलवरची नोंद झाली की तुम्ही मालक झालात, आणि मग प्रत्येक गोष्ट विनंती म्हणून मागावी लागते. शोरूमवाले क्रम उलटा सांगतात : "पासिंग करून घेऊ, मग निवांत बघा." बुकिंगची रक्कम सोडून बाकी पैसे पाहणीनंतर द्यायचे. कर्ज असेल तर बँकेलाही सांगून ठेवा, कारण व्याज रक्कम सुटल्या दिवसापासून लागतं, चावी मिळाल्या दिवसापासून नाही.

चासी नंबर ईमेलवर मागा, व्हॉट्सअ‍ॅपवरचा फोटो पुरेसा धरू नका. पाहणीच्या दिवशी तोच नंबर गाडीवर, फॉर्म २१ (विक्रीचा दाखला) वर आणि फॉर्म २२ (गाडी रस्त्यालायक असल्याचा कंपनीचा दाखला) वर जुळवा. फॉर्म २१ वर किंवा गाडीवरच्या पट्टीवर बनवल्याचा महिना-वर्ष मिळतं.

लांबीवाला (डेंटिंग-पेंटिंग)

दिवसाउजेडी बघा, गाडी धुवून कोरडी करून बघा. शोरूममधल्या ट्यूबलाइटखाली सगळ्याच गाड्या नवरीसारख्या दिसतात.

रंगाची जाडी मोजायचं मीटर भाड्यानं नाही तर ओळखीच्या गॅरेजमधून आणा. कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन असतो. एका पॅनेलवर २०० च्या वर आकडा गेला तर दुसऱ्यांदा रंग मारलाय असं समजा. ४००-५०० च्या वर गेला तर खाली लांबी भरलीय. एकट्या आकड्यावर जाऊ नका, डाव्या दाराचा आकडा उजव्या दाराशी ताडून बघा. प्लॅस्टिकच्या बंपरवर साधं मीटर चालत नाही. तिथं तिरप्या उजेडात रंगाचा पोत बघायचा : संत्र्याच्या सालीसारखा दाणा शेजारच्या फेंडरवर बारीक आणि बंपरवर जाड असेल तर काम झालंय. दाराच्या रबराखाली नख घालून रंगाची धार लागते का तेही बघा. मास्किंग टेप नीट लावला नसला की तिथं हमखास कड राहते.

बोनेट, फेंडर आणि दाराच्या बिजागऱ्यांचे बोल्ट बघा. डोक्यावरचा रंग पान्यानं उडालेला असेल तर ते पॅनेल कधीतरी काढलंय.

आता महत्त्वाचं. बोल्टवर बसणारं पॅनेल (बोनेट, फेंडर, दार) आणि वेल्डिंगनं जोडलेला भाग (मागचा क्वार्टर, छत, खांब) यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दारावरचा ओरखडा लेखी कबुली आणि चांगली भरपाई घेऊन चालवता येतो. क्वार्टर पॅनेल ठोकलेली गाडी मी पाहुण्यालाही घेऊ देणार नाही. पुढची काच बदललेली दिसली (तिच्यावरचा कोड बाकीच्या काचांशी जुळत नाही) आणि गाडीत पुढचा कॅमेरा असला, तर कॅलिब्रेशनचा, म्हणजे कॅमेरा पुन्हा जुळवल्याचा रिपोर्ट मागा. तो नसला की लेन धरणारी आणि आपोआप ब्रेक मारणारी यंत्रणा चुकीचं बघू शकते.

रॅम्पवाला

वरचे म्हणतात ते खरंच, पण इलेक्ट्रिक गाडीत रंगापेक्षा पोट महत्त्वाचं. गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय पाहणी झाली असं म्हणूच नका. बॅटरीचा पॅक पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये पसरलेला असतो. ट्रेलरवर चढवताना-उतरवताना, चुकीच्या जागी जॅक लावल्यानं, स्टॉकयार्डातल्या दगडावरून नेल्यानं त्याच्या खालच्या ट्रेला पोचा बसतो. वरून गाडी चकाचक आणि खाली ताटलीएवढा खड्डा, असं असू शकतं. बाहेरून बसलेला मार बॅटरी वॉरंटीत सहसा धरत नाहीत. तो ताब्याआधीचा होता हे नंतर कुणी मानत नाही.

खाली बघायचं ते असं : ट्रेवर पोचा किंवा खरवड, कडेच्या सीलंटला भेग, बोल्टवरच्या खुणेच्या रेघा सरकल्यात का, कूलंटचा ओघळ, आणि केशरी (उच्च दाबाच्या) केबलच्या वेष्टनावर दाताच्या खुणा. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. आपल्याकडची यार्डं उसाच्या फडाला लागून असतात. तोड सुरू झाली की उंदीर फडातून निघतात आणि उभ्या गाडीचं बोनेट त्यांना आयतं घर वाटतं. केशरी केबलला हात लावायचा नाही, फोटो काढायचा.

ओडोमीटरही बरंच सांगतो. ट्रेलरवरून आलेल्या गाडीवर थोडेच किलोमीटर असतात. पुणे-सातारा शंभराच्या थोडं वर, पुणे-सांगली सव्वादोनशेच्या पुढे. तेवढा आकडा दिसला तर गाडी पुण्याहून खंबाटकी घाट उतरून चालवत आणलीय. तसं आणणं हा गुन्हा नाही, पण लपवलं तर अजून काय लपवलंय हे विचारायला हरकत नाही. आकडा त्याहून मोठा असेल तर ती टेस्ट ड्राइव्हची गाडी आहे का, ते स्पष्ट विचारा.

टायरवरचा चार आकडी कोड : २३२५ म्हणजे २०२५ सालचा २३ वा आठवडा. चार टायरांत काही आठवड्यांचा फरक ठीक. एकच टायर वेगळा निघाला तर तो का बदलला ते विचारा.

बारा व्होल्टची छोटी बॅटरी मीटरनं मोजा. गाडी बंद करून तास-दोन तास उभी राहिल्यावर १२.४ च्या वर हवी. १२ च्या खाली म्हणजे यार्डात पडून पडून उतरलीय. अशी बॅटरी नंतर सकाळी-सकाळी दगा देते आणि मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी उठत नाही. ती नवी मागायची, चार्ज केलेली जुनी नाही. गाडी 'रेडी'त (चालायला तयार) घेतल्यावर तिथंच साडेतेरा-चौदाच्या आसपास आकडा यायला हवा.

कृष्णाकाठ

सांगलीकरांसाठी एक जादा तपासणी. २०१९ आणि २०२१ चा महापूर आठवा. आयर्विन पुलाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी ओलांडली की पाणी कुठवर येतं हे आपल्याला तोंडपाठ आहे. पावसाळ्यात नदीकाठच्या सखल यार्डातल्या गाडीबाबत सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा. मुळाशी गाळाची रेघ राहते, ती कुणी धूत नाही. कार्पेटखालचा फोम दाबून बघा, सीटच्या रेलवर गंज बघा, फ्यूजबॉक्समध्ये हिरवट थर बघा.

"बॅटरी आयपी-६७ आहे, पाण्यानं काही होत नाही" असं सांगतात. आयपी-६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही चाचणीत. दोन दिवस गाळाच्या पाण्यात उभं राहणं त्यात बसत नाही.

पॉलिसीवाली ताई

वाटेत लागलेला मार हा ट्रान्झिट विम्याचा विषय आहे, म्हणजे विकणाऱ्याच्या बाजूचा. "ताई, तुमच्या झिरो डेपमधून करून देतो, तुम्हाला रुपया लागणार नाही" हे ऐकलं तर नको म्हणा (झिरो डेप म्हणजे क्लेममध्ये घसारा न कापणारी पॉलिसी). पॉलिसी सुरू व्हायच्या आधीचं नुकसान नंतरचं म्हणून दाखवणं हा खोटा क्लेम होतो, आणि सही तुमची असते. वर पहिल्या नूतनीकरणाला मिळणारा २० टक्के नो-क्लेम बोनस जातो.

जुन्या गाडीचा बोनस हाही लोक विसरतात. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी विकली की विमा कंपनीकडून एनसीबी (नो-क्लेम बोनस) पत्र घ्या. ते ३ वर्षं चालतं आणि ५० टक्क्यांपर्यंतची सूट नव्या गाडीच्या ओन डॅमेज (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या) हप्त्यावर मिळते. थर्ड पार्टीवर नाही. जुनी वडिलांच्या नावावर आणि नवी मुलाच्या नावावर असेल तर बोनस वडिलांबरोबरच राहतो. शोरूमच्या कोटेशनमध्ये ही ओळ आपण होऊन कुणी घालत नाही. विमा शोरूममधूनच घ्यायची सक्तीही नाही. बाहेरचं कोटेशन पुढं ठेवलं की आकडा खाली येतो.

पॉलिसी निघाली आणि मग गाडी नाकारली, तर ती पॉलिसी जुन्या चासीवर राहते. रद्द केल्याचा कागद हातात येईपर्यंत नव्या चासीचे पैसे भरू नका.

हिशेबनीस, कऱ्हाड

फायदे कुठे गळतात ते सांगतो.

महिनाअखेर. ऑफर इन्व्हॉइसच्या तारखेवर असते, बुकिंगच्या नाही. २८ तारखेला मार लागलेली गाडी नाकारली आणि बदली गाडी ५ तारखेला आली की "ऑफर संपली". म्हणून नाकारतानाच त्याच दिवशी ईमेल : अमुक चासी अमुक दोषामुळे नाकारली, बदली गाडी त्याच किमतीत आणि त्याच सवलतीत द्यावी, हो असल्याचं लेखी कळवा. डिसेंबर असेल तर बदली गाडी कोणत्या वर्षी बनलेली असेल, तेही त्यातच लिहून घ्या.

कर. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणात इलेक्ट्रिक गाडीला मोटार वाहन कर माफ आहे आणि बॅटरीवरच्या गाडीला नोंदणी शुल्क केंद्रानं २०२१ मध्येच माफ केलंय. तरी कोटेशनमध्ये 'आरटीओ' नावाखाली गोल आकडा दिसला तर 'वाहन'ची पावती मागा. कर्जाचा बोजा चढवण्यासारखं किरकोळ शुल्क समजण्यासारखं आहे. 'हँडलिंग' नावाची ओळ खोडायला सांगा. जुनी गाडी भंगारात काढल्याच्या (स्क्रॅप) प्रमाणपत्रावर मिळणारी करातली सूट इथं कामाची नाही, मुळात करच शून्य. कंपनीची वेगळी स्क्रॅप सवलत असेल तर तीच बघा.

गाडी १० लाखांच्या वर असेल तर १ टक्का टीसीएस (विक्रेत्यानं आगाऊ गोळा केलेला आयकर) घेतात. हा खर्च नाही, विवरणपत्रात परत मिळतो, पण इन्व्हॉइसवर पॅन बरोबर हवा. १६ लाखांच्या गाडीवर १६,००० रुपये होतात. २६-एएस (आयकर खात्याचा कराचा उतारा) मध्ये ते दिसेपर्यंत पाठपुरावा करा. कर्जाच्या व्याजावरची दीड लाखाची ८०ईईबी (आयकर कायद्याचं कलम) वजावट ३१ मार्च २०२३ पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती. अजूनही ती सांगून गाडी विकणारे भेटतात.

व्यापाऱ्यांसाठी : फर्मच्या नावावर घेतली तर घसारा ४० टक्के मिळतो, पेट्रोल-डिझेल गाडीला १५. मोह होतो. पण 'आजीवन' बॅटरी वॉरंटी देणाऱ्या कंपन्या ती बहुधा पहिल्या खासगी मालकालाच देतात. दोन्ही आकडे कागदावर मांडा आणि मग नाव ठरवा. हाच धोका इथंही : शोरूमच्या नावावर आधी नोंदलेली डेमो गाडी स्वस्तात मिळाली तरी तुम्ही दुसरे मालक ठरता.

टोलमाफी अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीसाठी आहे. आपल्या महामार्गावरच्या आणेवाडी आणि तासवडे टोलनाक्यांना ती धरून महिन्याचा हिशेब करू नका. फास्टॅग चासी नंबरवर निघालेला असतो, त्यावर गाडीचा नंबर ९० दिवसांत चढवा.

जुना वायरमन

मोफत चार्जर हा सगळ्यात गोंधळाचा फायदा. चार्जर मोफत असतो, केबल ठरावीक मीटरपर्यंत, आणि अर्थिंग तुमचं. वाड्यात मीटर पुढच्या दारात आणि गाडी मागच्या अंगणात असली की बिल वाढतं. ७.२ किलोवॅटला ३२ अँपिअर लागतात : ६ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल, अंतर वीसेक मीटरच्या वर गेलं तर १०. स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की पडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंट गळला की पुरवठा तोडणारी) (साधी एसी टाइप नको, ए टाइप) आणि स्वतंत्र अर्थिंग, ५ ओहमच्या आत. न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज जास्त दिसलं की चार्जर लाल दिवा दाखवतो आणि लोक गाडीला दोष देतात. मंजूर भार वाढवायचा अर्ज महावितरणला गाडी यायच्या आधी करा.

चार्जर तीन महिन्यांनी बसवू म्हणालात तर ऑफर लागू राहील का, हेही लेखी घ्या. गाडीसोबतची हातातली केबल, अडॅप्टर आणि कागदांची यादी ताब्याच्या पावतीवर लिहूनच घ्या. पाहणीच्या दिवशी चार्जिंग लावून दहा मिनिटं थांबा. पोर्टचं कुलूप लागतं-सुटतं का बघा, पिना काळ्या नाहीत ना बघा.

कोर्टकचेरी

'समाधानकारक स्थितीत ताबा मिळाला' या छापील ओळीखाली सही करायची झाली तर वर हातानं दोष लिहा, विक्रेत्याची सही-शिक्का घ्या. लिहू देत नसतील तर तिथंच उभं राहून ईमेल करा. भरपाई ठरली तर कोणतं पॅनेल, काय काम, रंगावर किती वर्षांची हमी, वाढीव वॉरंटी किती, हे सगळं एका पत्रात हवं. वाढीव वॉरंटी कंपनीच्या प्रणालीत चढलीय का ते चासी नंबरवरून तपासा. डीलरचं नुसतं कार्ड म्हणजे वॉरंटी नव्हे.

ऐकलं नाही तर आधी १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन, मग स्पीड पोस्टानं नोटीस, मग ग्राहक आयोगाच्या ई-जागृती पोर्टलवर तक्रार. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात दाखल करता येते. शोरूम पुण्याचं असलं तरी सातारा किंवा सांगली चालतं. गाडीची किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगच, मुदत २ वर्षं. १० ते २० लाखांना शुल्क ४०० रुपये.

नवी ग्राहक, इस्लामपूर

सगळ्यांचे आभार. पाडव्याला ताबा ठरलाय, ते म्हणतात पाहणी पण त्याच दिवशी करू. चालेल का?

लांबीवाला (डेंटिंग-पेंटिंग)

नाही ताई. पाडव्याला एका दिवसात रांगेनं गाड्या सुटतात, मागं पुढचं गिऱ्हाईक हार घेऊन उभं असतं आणि घरचे "मुहूर्त टळतोय" म्हणून मागं लागतात. तेव्हा कुणी लिफ्ट रिकामी ठेवत नाही. पाहणी चार-पाच दिवस आधी सकाळी करा, चासी नंबरसकट फोटो काढा, पाडव्याला फक्त नवा ओरखडा आलाय का ते ताडून बघा आणि पूजा करा. लिंबू चाकाखाली चालेल, नारळ मात्र बंपरपासून लांब फोडा.